कंसातली टकटक

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देतो.

"सप्रेम नमस्कार. माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. चार दिवसांपूर्वी सुरू केला तर कंपनीचा लोगो आला, खाली ठिपक्यांचं वर्तुळ फिरत राहिलं, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची तयारी चालू आहे असं दिसलं आणि शेवटी निळ्या पडद्यावर, तुमचा पीसी दुरुस्त करता आला नाही, असं इंग्रजीत लिहून आलं. तेव्हापासून वीस-पंचवीस वेळा बंद-चालू करून पाहिला. दर वेळी तेच. आत मी करत असलेल्या अनुवादाची अकरा प्रकरणं आहेत, दहा वर्षांचे फोटो आहेत आणि आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग आहेत. आई आता नाही. बॅकअप घेतलेला नाही. त्याबद्दल कृपया रागावू नका, घरातले सगळे रागावून झाले आहेत. भाचा म्हणतो, 'मावशी, रीसेट मार, दोन तासांत नव्यासारखा होईल.' मारू का? की नवाच घ्यावा? (सुरू करताना आतून अधूनमधून टकटक असा आवाज येतो, पण तो पंख्याचा असावा.)"

ताई, नमस्कार. रागावत नाही. रीसेट मात्र मारू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढून ठेवा आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत बटणाला हात लावू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी आणि तेही कंसात लिहिलं आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडा दिलासा देतो.

'लॅपटॉप चालू होत नाही' हे वाक्य आपण चार-पाच अगदी वेगळ्या आजारांसाठी सरसकट वापरतो. बटण दाबल्यावर दिवासुद्धा लागत नसेल तर बिघाड विजेच्या वाटेवर असतो : चार्जर, बॅटरी, बटण, फार तर मदरबोर्ड. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय रॅमवर किंवा पडद्यावर घ्यायचा. लोगो येऊन 'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर मशीनला डिस्क दिसत नाही किंवा ते भलत्याच जागी शोधतं आहे. अनेकदा यूएसबीला विसरून राहिलेला पेनड्राइव्ह एवढंच त्याचं कारण निघतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. लोगो येतो, म्हणजे मदरबोर्ड, रॅम आणि पडदा बहुतेक धडधाकट आहेत. 'ऑटोमॅटिक रिपेअर' हा विंडोजचाच एक भाग आहे आणि तो त्याच डिस्कच्या एका वेगळ्या, छोट्या कप्प्यात असतो. तो उघडतो आहे, म्हणजे डिस्क अजून काही ना काही वाचून देते आहे. बिघडलं आहे ते विंडोज, किंवा ते ज्या डिस्कवर बसलं आहे ती डिस्क, किंवा दोन्ही.

विंडोज बिघडणं आणि फायली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळ, बँका, रुग्णालयं खोळंबली. पण त्या मशीनमधले दस्तऐवज जागच्या जागी होते. सेफ मोडमध्ये (म्हणजे विंडोजच्या गरजेपुरत्या, साध्या अवस्थेत) जाऊन एक फाइल काढून टाकली की कॉम्प्युटर उठत होता. घाबरून फॉरमॅट मारला असता, तर नुकसान अपडेटने नव्हे, फॉरमॅटने केलं असतं.

आता ती टकटक. आठ वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क असायची. तिच्यात चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला साधारण ५४०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटरच्या अंतराने तरंगत जातं. हेडला आपली जागा सापडेनाशी झाली की ते मागे येतं, पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा मागे येतं. तो आवाज म्हणजे टक्... टक्... टक्. हेड खराब होऊन तबकडीला घासलं तर तिथला डेटा अक्षरशः खरवडून निघतो, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणूनच सव्विसाव्या वेळी बटण दाबू नका असं सांगतो आहे. शिवाय विंडोज अर्धवट सुरू होताना आणि स्वतःची दुरुस्ती करताना डिस्कवर लिहीत असतं. आपल्याला सध्या फक्त वाचायचं आहे. लिहिणं एका अक्षराचंही नको.

तर आवाजाची परीक्षा एकदाच घ्या. खोलीतला पंखा बंद करा. लॅपटॉप सुरू करताच एफ-२ (काही कंपन्यांमध्ये डिलीट किंवा एफ-१०) दाबत राहा, म्हणजे सेटअपचा पडदा उघडेल आणि विंडोज सुरूच होणार नाही. तिथे काहीही बदलू नका. तळहात टेकतो त्या भागाजवळ कान न्या. पंख्याचा आवाज सलग असतो, हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी येतो आणि वेगाबरोबर बदलतो. डिस्कची टकटक ठरावीक तालात येते, थोडी थांबते आणि पुन्हा त्याच तालात सुरू होते. त्याच पडद्यावर डिस्कचं नाव दिसतं का तेही बघा. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर तिच्यात हलणारा भागच नसतो. मग टकटक पंख्याचीच म्हणायची आणि तुमचा अंदाज खरा ठरला.

समजा, टकटक तालात आली, किंवा डिस्कचं नावच दिसलं नाही. मग घरचे सगळे प्रयोग इथेच थांबवा. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं आहे. लॅपटॉप दुरुस्त करणारा आणि डेटा रिकव्हरी करणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्याला तुमचं मशीन चालू करायचं असतं, दुसऱ्याला आतलं वाचायचं असतं. जाण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) काढून मग त्या प्रतिमेवर काम करता का? आणि डिस्क उघडावी लागली तर धूळविरहित खोली आहे का? उत्तर देताना समोरचा चाचरला तर डिस्क परत घेऊन या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते, ही जुनी अफवा अजून फिरते. बाहेर काढल्यावर तबकडीवर बाष्प धरतं, एवढंच त्यातून निष्पन्न होतं. तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावणं हा उपायही आताच्या डिस्कना बहुधा लागू पडत नाही, कारण त्या-त्या डिस्कची स्वतःची जुळणी त्या बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

आवाज पंख्याचाच निघाला, तर पुढचं सगळं तुम्हाला घरी करता येईल. भाच्याला बोलवा. त्याच्या उत्साहाला जरा चांगलं काम मिळेल.

लॅपटॉपला हात लावण्याआधी फोन हातात घ्या आणि जे आधीच दुसरीकडे आहे त्याची यादी करा. वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, लॉगिन करून बघा. विंडोज अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर आपल्या फारसं लक्षात न येता तिथे चढवत असतं. गुगल फोटोज बघा. संपादकांना पाठवलेली प्रकरणं ईमेलच्या 'सेंट'मध्ये असतील. आईची रेकॉर्डिंग कधी बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का, आठवा. आणि ती मुळात ज्या फोनवर झाली तो जुना फोन कुठल्या खणात पडला आहे का, तेही बघा. या अर्ध्या तासात कधी कधी निम्मी काळजी मिटते.

मग लाइव्ह यूएसबी. कल्पना सोपी आहे : लॅपटॉप आतल्या विंडोजवरून सुरू न करता पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्याच प्रणालीवरून सुरू करायचा आणि आतली डिस्क एखाद्या बाहेरच्या डिस्कसारखी उघडून फायली उचलायच्या. भाच्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट ही प्रणाली तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. साधारण ३ जीबीची फाइल असते. रुफस किंवा बलेनाएचर हे मोफत साधन वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. फायली उतरवायला वेगळी, पुरेशी मोकळी बाहेरची डिस्क लागेल. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबत राहा. कुठे ते एफ-१२ असतं, कुठे एफ-९, कुठे एस्केप. मेनूत पेनड्राइव्ह निवडा.

काही मिनिटांत अनोळखी पण समजण्यासारखा डेस्कटॉप समोर येईल. तिथे 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं एक चिन्ह दिसेल. त्याच्याकडे बघायचंही नाही. ते दाबून पुढे-पुढे करत गेलात तर आगीतून फुफाट्यात. फायलींची खिडकी उघडा आणि तिच्या डाव्या बाजूच्या यादीतून आतली डिस्क उघडा. ती 'फक्त वाचण्यापुरती' उघडली असं सांगितलं गेलं, तर चांगलंच झालं. विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं आणि आपल्याला नेमकं तेवढंच हवं आहे.

डिस्क उघडताना पासवर्ड किंवा किल्ली मागितली, तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद आहे. मग ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. खात्यात शिरून उपकरणांच्या यादीत हा लॅपटॉप शोधा. मात्र खातं कोणाचं? लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून दिला त्याचं! अनेक घरांत ते भाच्याचंच निघतं. किल्ली सापडली नाही तर तज्ज्ञालाही ती डिस्क उघडणं जवळपास अशक्य असतं. सेटअपच्या पडद्यावर काही बदलू नका असं म्हटलं त्यामागे हेही होतं : तिथले काही बदल झाले की बिटलॉकर किल्ली मागायला लागतं.

डिस्क उघडली. आता 'यूजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असेल. ते अख्खं उचलून ओढायचा मोह आवरा. आधी आईची रेकॉर्डिंग, मग अकरा प्रकरणं, मग फोटो वर्षावर्षाने, आणि उरलेलं शेवटी. डिस्क मध्येच मान टाकणार असेल तर तिने कशावर टाकावी, एवढं तरी आपल्या हातात राहतं. प्रकरणं डॉक्युमेंट्समध्ये नसतील तर डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि दुसरा कप्पा असला तर तोही बघा. शेवटचं प्रकरण सेव्ह करायचं राहिलं असेल, तर लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये वर्डने स्वतःहून जपलेली प्रत मिळू शकते. मिंटमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डर दिसतात. आणि अनुवादाचं काही काम युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये केलेलं असेल, तर विंडोजच्या फोल्डरातून ते फॉण्टही उचला. नाहीतर फाइल सुखरूप मिळेल आणि नव्या मशीनवर त्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. मी हे पाहिलं आहे. फाइल हातात आणि वाचता येत नाही, ही अवस्था फाइल हरवण्यापेक्षा जास्त चिडचिड करते.

एखादी फाइल अडकली तर ती वगळून पुढे जा. पण चार-पाच फायलींमागे एक अडकायला लागली, किंवा वेग अगदी किलोबाइटवर आला, तर डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे बारीक तुकडे, खराब होत चालले आहेत. अशा वेळी एकेक फाइल ओढणं थांबवून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात. हा प्रोग्रॅम फायली बघतच नाही. डिस्कची अथपासून इतिपर्यंत प्रतिमा काढतो, जिथे अडेल ती जागा टिपून ठेवून पुढे सरकतो, सहज वाचता येणारं सगळं पदरात पडल्यावर मगच त्या अवघड जागांवर परततो. नकाशाची फाइल ठेवली तर मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं. प्रतिमेसाठी मूळ डिस्कइतकी मोकळी जागा लागते. आज्ञा टाइप करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या भरलेल्या डिस्कवर चढते, म्हणून ही पायरी आधी एकदा तरी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. भाचा उत्साही असला तरी.

दुसरा कॉम्प्युटर मिळालाच नाही तर एक आडवाट आहे. त्या निळ्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'कमांड प्रॉम्प्ट'. काळी चौकट उघडली की इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर. नोटपॅडमध्ये काही लिहायचं नाही. 'फाइल', 'ओपन' करायचं आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं. ती खिडकी म्हणजे एक छोटा फाइल एक्सप्लोररच असतो. राइट-क्लिक करून कॉपी, मग बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. इथे सी ड्राइव्हला डी किंवा दुसरंच अक्षर मिळालेलं असू शकतं, त्याने गोंधळू नका. कॉपी किती झाली ते दिसत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते, तेव्हा थोडं-थोडं उचला आणि धीर धरा.

याच काळ्या चौकटीत 'चेकडिस्क चालव, सगळं ठीक होईल' असं कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. फायली बाहेर निघेपर्यंत ऐकू नका. मी एकदा ऐकलं होतं. डिस्क आधीच कुरकुरत होती. रात्री चेकडिस्क लावून झोपलो. सकाळी विंडोजची तक्रार मिटली होती आणि एका अख्ख्या फोल्डरच्या जागी 'फाउंड' नावाचं फोल्डर होतं. त्यात नुसते क्रमांक असलेले शेकडो तुकडे, कुठला कशाचा ते काही कळेना. चेकडिस्कची चूक नव्हती. तिचं काम डिस्कची व्यवस्था सुसंगत करणं हे आहे, माझी फोल्डर सांभाळणं नव्हे. कुठली फाइल मोलाची आहे ते तिला कुठून कळणार?

भाच्याच्या रीसेटचंही तसंच आहे. त्यात 'माझ्या फायली ठेवा' आणि 'सगळं काढून टाका' असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय खरंच वैयक्तिक फायली ठेवतो, टाकलेले प्रोग्रॅम तेवढे काढतो. पण डिस्क आजारी असेल तर ही प्रक्रिया मध्येच अडकते, आणि तोवर डिस्कवर बरंच काही लिहून झालेलं असतं. शिवाय घाईत बोट दुसऱ्या पर्यायावर पडायला वेळ लागत नाही.

फायली निघाल्या की त्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे झालं नाही. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐका, प्रकरणं शेवटच्या पानापर्यंत सरकवा, फोटो मधूनमधून मोठे करून पाहा. मग त्या बाहेरच्या डिस्कची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर करा. ज्या दिवशी फायली सुटतात त्या दिवशी त्यांची पुन्हा एकच प्रत असते, हे आनंदाच्या भरात लक्षात राहत नाही.

मग राहिला लॅपटॉप. डिस्कची तब्येत मिंटमधल्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये दिसते. 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेल्या) किंवा 'पेंडिंग' (वाचायला अडणाऱ्या) सेक्टरचा आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत असेल तर त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकू नका. ती काढून एसएसडी बसवा. डिस्क ठणठणीत निघाली तर 'स्टार्टअप रिपेअर', शेवटचं अपडेट काढणं, 'सिस्टिम रिस्टोअर' या क्रमाने करून बघा. नवा घ्यावा का, हे वयावरून नव्हे, यावरून ठरवा : विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हा सुरक्षेसाठीचा भाग लागतो. तुमचा आठ वर्षांचा लॅपटॉप नेमका या उंबरठ्यावर आहे. खालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक बघून ते तपासून घ्या. उंबरठ्याच्या अलीकडे राहिला तर नुसत्या अनुवादाच्या कामाला लिनक्स मिंटही पुरेल. तोवर तुमची त्याच्याशी ओळख झालेलीच असेल.

जुनी डिस्क काढलीत तर तिच्यावर तारीख लिहून वर्षभर तरी जपून ठेवा. एखादं फोल्डर राहून गेलं हे तीन महिन्यांनी आठवतं.

आणि डिस्क ठणठणीत निघाली, प्रती दोन ठिकाणी झाल्या, आईचा आवाज दोन्हीकडून ऐकून झाला, तरीही विंडोज उठायला तयार नसेल, तर भाच्याला हाक मारा आणि खुशाल रीसेट मारू द्या.